इनलाइन एक्झॉस्ट फॅनचा बेल्ट वारंवार का जातो: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

कार्यालयीन इमारती, मॉल, रुग्णालये आणि हॉटेले यांच्या प्रसाधनगृहांतून व पँट्रीतून हवा खेचणारे इनलाइन एक्झॉस्ट फॅन बहुधा फॉल्स सीलिंगच्या वर नाहीतर गच्चीवरच्या डक्टमध्ये बसवलेले असतात. डक्टच्याच रांगेत पत्र्याची एक चौकोनी पेटी, तिच्या आत इंपेलर (हवा ढकलणारे पात्यांचे चक्र), पेटीच्या बाहेर मोटर आणि दोघांना जोडणारे एक किंवा दोन व्ही-बेल्ट, इतकीच ही रचना आहे. मोटर दमट किंवा गरम हवेपासून दूर राहते आणि पुली बदलून फॅनचा वेग जुळवता येतो, हे तिचे दोन मोठे फायदे. मात्र त्यांच्या मोबदल्यात बेल्टची देखभाल कायमची मागे लागते. देखभालीच्या कामात या फॅनविषयी माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेली तक्रार एकच आहे: बेल्ट बदलला की काही आठवडे सगळे सुरळीत चालते आणि मग पुन्हा तोच वास, तोच आवाज आणि गार्डमध्ये (बेल्टवरच्या संरक्षक जाळीत) लोंबणारा तोच तुटका बेल्ट.

नीट बसवलेला, योग्य मापाचा बेल्ट दिवसभर चालणाऱ्या फॅनवरही वर्षभर टिकायलाच हवा. दोन-तीन महिन्यांत तो जात असेल, तर दोष बेल्टच्या कंपनीत शोधण्याआधी पुढील तपासण्या क्रमाने कराव्यात. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

लक्षणे

- प्रसाधनगृहात वास साचतो, आरशांवर बाष्प राहते, पण पॅनेलवर फॅन चालू असल्याचा हिरवा दिवा लागलेला असतो.
- फॅन सुरू होताना दोन-चार सेकंद किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि मग थांबतो, किंवा पावसाळ्यात तो थांबतच नाही.
- गार्डच्या खाली आणि मोटरच्या बैठकीवर काळी रबरी भुकटी पडलेली दिसते, आणि जळक्या रबराचा वास येतो.
- दोन बेल्टांपैकी एक नेहमी आधी तुटतो, किंवा बेल्ट खाचेत उलटा झालेला आढळतो.
- पेटी थरथरते आणि तो थरकाप डक्टमधून खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो.

पहिले लक्षण सर्वांत फसवे आहे, कारण पॅनेलवरचा दिवा आणि इमारतीची नियंत्रण प्रणाली बहुतेक ठिकाणी स्टार्टरमधल्या काँटॅक्टरवरूनच (मोटरला वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचवरूनच) ‘चालू’ असा संकेत घेतात. बेल्ट तुटला तरी मोटर मोकळी फिरत राहते, काँटॅक्टर आत ओढलेलाच राहतो आणि कागदोपत्री फॅन आठवडाभर व्यवस्थित चाललेला दिसतो.

हात लावण्यापूर्वी

फॅनजवळचा आयसोलेटर (फॅनची वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करून त्याला कुलूप घालावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. केवळ खाली पॅनेलवरून बंद करणे पुरेसे नाही, कारण टायमरवर किंवा नियंत्रण प्रणालीवर असलेला फॅन कोणाच्याही नकळत सुरू होऊ शकतो. याखेरीज एक धोका हमखास विसरला जातो: एकाच डक्टवर दुसरा फॅन चालू असेल किंवा गच्चीवर वारा असेल, तर वीज बंद असतानाही इंपेलर आपोआप फिरत राहतो आणि त्याच्यासोबत बेल्टही फिरतो. त्या बेल्टमध्ये आणि पुलीत बोट सापडले तर वीज बंद होती ही सबब कामास येत नाही. इंपेलर पूर्ण थांबल्याची खात्री करून पुलीत लाकडी पाचर अडकवावी, आणि मगच गार्ड काढावे.

कागद आणि क्लॅम्प मीटर

टिश्यू पेपरचा तुकडा एक्झॉस्ट ग्रीलला लावून पाहावा. तो चिकटून राहिला तर हवा खेचली जात आहे. खाली पडला तर नाही. इतक्या साध्या चाचणीने फॅनजवळची आणि फॅनपासून सर्वांत दूरची अशा दोन ग्रीलमधला फरकही कळतो, आणि तो फार असेल तर प्रश्न फॅनचा नसून डक्टचा आहे हे शिडी न लावता समजते.

यानंतर वायरमनकडून मोटरच्या तिन्ही फेजचा प्रवाह क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) मोजून घ्यावा. ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या २.२ किलोवॉटच्या चार पोलच्या मोटरचा पूर्ण भारावरचा प्रवाह साधारण पावणेपाच अँपिअर असतो. नेमका आकडा मोटरच्या पाटीवर कोरलेला असतो. बेल्ट तुटलेली मोटरही त्याच्या चाळीस-पन्नास टक्के प्रवाह खेचतेच, म्हणून दोन-सव्वादोन अँपिअर दिसले की ‘मोटर चालू आहे, प्रवाह आहे’ असे म्हणून परत फिरू नये. तो आकडा बहुधा मोटर रिकामी फिरत असल्याचे सांगत असतो. तिन्ही फेजमध्ये ठळक तफावत असेल तर बेल्टचा विषय तिथेच बाजूला ठेवून वीजपुरवठा तपासावा.

जुना बेल्ट वाचणे

तुटलेला बेल्ट कचऱ्यात टाकू नये, अशी सूचना मी प्रत्येक ठिकाणी आधीच देऊन ठेवतो, कारण बिघाडाचे कारण सर्वांत स्पष्टपणे त्याच्यावरच उमटलेले असते. बेल्ट हातात घेऊन उजेडात फिरवावा आणि त्याच्या दोन्ही कडा, तळ आणि तुटलेले टोक निरखावे.

दोन्ही कडा काचेसारख्या गुळगुळीत आणि कडक झाल्या असतील, तर बेल्ट घसरत होता. म्हणजे ताण कमी होता, पुलीच्या खाचा झिजल्या होत्या किंवा भार जास्त होता. एकच कड झिजली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत, यात सहसा शंका उरत नाही. तळाला आडव्या भेगा पडल्या असतील तर उष्णता किंवा वाजवीपेक्षा लहान मोटर-पुली हे कारण असते. लहान पुलीवर बेल्टला प्रत्येक फेऱ्यात फार तीव्र वळण घ्यावे लागते. बेल्ट फुगलेला, मऊ आणि चिकट लागत असेल तर त्यावर तेल किंवा ग्रीस पडले आहे, आणि पँट्रीच्या किंवा स्वयंपाकघराजवळच्या फॅनमध्ये ते कुठून येते हे शोधावे लागते. बाकी सर्व बाजूंनी नवा कोरा दिसणारा बेल्ट मधूनच तडकन तुटला असेल, तर तो बसवतानाच दुखावला गेला होता असे समजावे.

हे शेवटचे कारण इतके सर्रास आढळते की त्यावर थोडे थांबायला हवे. मोटरची बैठक सैल करण्याचा कंटाळा म्हणून पुष्कळ फिटर स्क्रू-ड्रायव्हर पुलीच्या कडेवर टेकवून बेल्ट जबरदस्तीने चढवतात. बाहेरून काही दिसत नाही, पण बेल्टच्या आत ज्या दोऱ्यांवर सगळा ताण येतो त्यातल्या काही तिथल्या तिथे तुटतात. असा बेल्ट महिनाभर चालतो आणि मग एका सकाळी फॅन सुरू होताना तुटतो. दोष मात्र बेल्टच्या दर्जाला दिला जातो. मोटर पुढे सरकवून, बेल्ट हाताने अलगद खाचेत ठेवून आणि मोटर मागे नेऊन ताण देणे, ही एकच पद्धत बरोबर आहे.

बेल्ट खरोखर योग्य मापाचा आहे का

सेक्शन म्हणजे बेल्टच्या छेदाचे माप: ए-सेक्शनचा बेल्ट वरच्या बाजूला १३ मिलिमीटर आणि बी-सेक्शनचा १७ मिलिमीटर रुंद असतो. पुलीची खाच ज्या सेक्शनची आहे त्याच सेक्शनचा बेल्ट हवा, ही गोष्ट सांगण्यासारखी वाटणार नाही, पण बी-सेक्शनच्या पुलीत ए-सेक्शनचा बेल्ट तळाला टेकून फिरताना मी अनेकदा पाहिला आहे. व्ही-बेल्ट आपल्या तिरप्या कडांनी खाचेत रुतून पकड घेतो. तळ टेकला की ती पकडच संपते आणि कितीही ताणला तरी तो घसरतो.

दोन बेल्टांच्या फॅनवर एकच तुटला तरी दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीचे आणि एकाच क्रमांकाचे बदलावेत. जुना बेल्ट थोडा लांबलेला असतो, त्यामुळे नवा एकटाच सगळा भार ओढतो आणि लवकर जातो. ‘दुसरा चांगला आहे, राहू द्या’ हा सल्ला देणाऱ्याचे शे-दोनशे रुपये वाचतात आणि पुढच्या महिन्यात मजुरी दुप्पट होते.

घसरणाऱ्या बेल्टवर राळ, साबण किंवा बेल्टचे मेण लावण्याची प्रथा पूर्णपणे सोडून द्यावी. आवाज काही तास थांबतो, पण रबर चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि खरा दोष झाकला जातो.

हवेचा मार्ग

ही तपासणी बेल्टशी संबंधित नाही असे वाटेल, पण तिचा संबंध असा आहे की ग्रीलमधून हवा कमी येते म्हणून लोक बेल्ट ताणत जातात, आणि अडथळा डक्टमध्ये असल्याने काही फरक न पडता बेअरिंगचे मात्र नुकसान होते. ग्रील आणि फिल्टर धुवून घ्यावेत. फॅनच्या दोन्ही बाजूंची कॅनव्हासची जोडणी फाटली आहे का हे पाहावे, कारण तिथून फॉल्स सीलिंगमधली हवा आत खेचली जाते आणि प्रसाधनगृहातली तशीच राहते. दार उघडायला जड जात असेल, तर बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत येणाऱ्या हवेला वाटच ठेवलेली नाही. दाराच्या खालची फट किंवा दारातली जाळी कोणीतरी बंद केलेली असते.

भिंत ओलांडणाऱ्या डक्टमधला फायर डँपर (आगीच्या वेळी डक्ट बंद करणारी झडप) मात्र आवर्जून पाहावा. जुन्या प्रकारात ७२ अंश सेल्सिअसला वितळणारी एक धातूची कडी पाते उघडे धरून ठेवते. ती गंजून तुटली की आग न लागताही डँपर बंद होतो. मोटरवर चालणारा डँपर फायर अलार्मच्या चाचणीनंतर पूर्ववत केला नाही तर तसाच बंद राहतो. चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी वासाची तक्रार आली असेल, तर सगळ्यात आधी तिथे जावे. बंद डँपर तारेने बांधून उघडा ठेवणे हा उपाय नाही. तो डँपर आगीच्या वेळी धूर अडवण्यासाठीच बसवलेला आहे.

फिरण्याची दिशा

सेंट्रिफ्युगल इंपेलर उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे टिश्यू ग्रीलला चिकटतो, पण जेमतेम. केबल, पॅनेल किंवा जनरेटर यांचे काम झाल्यावर ही शंका प्रथम घ्यावी. काही इमारतींत फॅन महावितरणच्या पुरवठ्यावर सरळ आणि जनरेटरवर उलटा फिरतो. लिफ्टला फेजचा क्रम ओळखणारा रिले असल्याने ती लगेच बंद पडते आणि ओरड होते, फॅन मात्र मुकाट्याने उलटा फिरत राहतो. पेटीवरच्या बाणाशी दिशा ताडून पाहावी, आणि उलटी आढळल्यास दोन फेजची अदलाबदल परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

पुल्या: खाचा, ग्रब स्क्रू आणि रेषा

नव्या बेल्टची वरची बाजू पुलीच्या कडेशी समतल किंवा किंचित वर दिसायला हवी. बेल्ट आत बुडालेला असेल आणि खाचेचा तळ चकाकत असेल, तर पुली झिजली आहे. अशा पुलीवर नवा बेल्ट घालणे म्हणजे तो फुकट घालवणे होय. खाचेच्या भिंती बोटाने चाचपाव्यात. त्या सरळ लागल्या पाहिजेत, मध्ये खळगा लागता कामा नये.

पुली आणि शाफ्ट यांच्या सांध्याजवळ तांबूस-तपकिरी भुकटी दिसली तर चावी (पुली शाफ्टवर निसटू न देणारा खाचेतला धातूचा तुकडा) किंवा ग्रब स्क्रू (पुली शाफ्टवर आवळणारा बारीक स्क्रू) सैल आहे आणि पुली शाफ्टवर किंचित हलते आहे. हे लवकर पकडले तर एलन कीने काम भागते. उशीर झाला तर शाफ्टवरची चावीची खाच मोठी होते आणि काम वर्कशॉपमध्ये जाते.

दोन्ही पुल्यांच्या बाजूला ॲल्युमिनियमची सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा लावावा. तो प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांना, म्हणजे एकूण चार ठिकाणी टेकला पाहिजे. तीनच ठिकाणी टेकत असेल तर एक पुली तिरपी आहे. एका पुलीच्या दोन्ही कडा सुटत असतील तर ती शाफ्टवर मागे-पुढे सरकवावी लागेल. दोन पुल्यांच्या कडांची जाडी वेगळी असेल तर पट्टी फसवते, म्हणून अशा वेळी खाचेच्या मध्यापासून माप घ्यावे. अर्ध्या अंशापर्यंतचा, म्हणजे मीटरला साधारण ९ मिलिमीटरचा फरक चालून जातो. त्याहून अधिक असल्यास बेल्टची एक कड झिजत राहणार.

ताण

अंगठ्याने दाबून ‘ठीक आहे’ म्हणण्याची सवय आपल्याकडे फार रुळली आहे आणि बेल्टचे सर्वाधिक नुकसान तिनेच होते. दोन पुल्यांमधल्या मोकळ्या बेल्टची लांबी मोजावी आणि दर मीटरला १६ मिलिमीटर या हिशेबाने तो मध्यावर किती दबायला हवा ते काढावे. ४५० मिलिमीटरच्या अंतरासाठी हे माप सुमारे ७ मिलिमीटर येते. तितका दाबायला साध्या स्प्रिंगच्या काट्याने किती जोर लागतो ते पाहावे. फॅनवर नेहमी असतात तशा लहान पुल्यांवर ए-सेक्शनला सुमारे १ ते १.५ किलो आणि बी-सेक्शनला २ ते ३ किलो जोर लागतो. बेल्ट बनवणाऱ्याचा तक्ता उपलब्ध असेल तर तोच प्रमाण मानावा. कमी जोरात दबला तर बेल्ट सैल आहे, जास्त लागला तर फार ताणलेला आहे.

सैल बेल्ट घसरून तापतो, हे सर्वांना ठाऊक असते. फार ताणलेला बेल्ट बेअरिंग खातो, हे मात्र उशिरा लक्षात येते, कारण बेल्ट बरा दिसतो आणि खर्च सहा महिन्यांनी येतो. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यावरचा भार सव्वापट झाला तर आयुष्य जवळजवळ निम्मे होते.

ताण देताना मोटरच्या बैठकीचे दोन्ही स्क्रू सारखेच फिरवावेत आणि बोल्ट घट्ट केल्यावर रेषा पुन्हा तपासावी, कारण शेवटचा बोल्ट आवळताना मोटर हमखास थोडी वळते. नवा बेल्ट पहिल्या दिवसात खाचेत बसतो आणि सैल पडतो. म्हणून अर्ध्या तासाने एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा ताण पुन्हा मोजावा. दुसऱ्या दिवशीची ही फेरी ठेकेदाराच्या बिलात नसते, त्यामुळे ती होत नाही. देखभालीच्या करारात ती लिहूनच घ्यावी.

गच्चीवरच्या फॅनच्या गार्डला वरून छप्पर असावे, म्हणजे पावसाचे पाणी थेट बेल्टवर पडणार नाही. बाजूच्या जाळ्या मात्र उघड्याच ठेवाव्यात, नाहीतर आतली उष्णता कोंडून बेल्ट भाजतो.

बेअरिंग, इंपेलर आणि वेग

बेल्ट काढलेला असतानाच फॅनचा शाफ्ट हाताने फिरवावा. खरखर लागली, अडकल्यासारखे झाले किंवा शाफ्ट वर-खाली हलला तर बेअरिंग गेले आहे. ग्रीस मोजके द्यावे. पंप मारत राहिल्यास सील बाहेर येतात, आणि जादा ग्रीस उडून बेल्टवर जाते. इंपेलरच्या पात्यांवर धुळीचे आणि तंतूंचे थर असमान जमले असतील तर पेटी थरथरते. सगळी पाती सारखीच साफ करावीत आणि संतुलनासाठी बसवलेली लहान वजने काढू नयेत.

शेवटी मोटर-पुलीचा व्यास मूळ नोंदीशी ताडून पाहावा. हवा वाढावी म्हणून कोणीतरी चार इंची पुलीच्या जागी पाच इंची बसवलेली असते. वेग सव्वापट होतो, हवाही सव्वापट मिळते, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढून १.९५ पट होते. जी २.२ किलोवॉटची मोटर १.६ किलोवॉटवर आरामात चालत होती, तिच्याकडून आता ३.१ किलोवॉट मागितले जातात. ओव्हरलोड रिले (जादा प्रवाह झाल्यास मोटर बंद करणारे उपकरण) वारंवार पडतो, मग कोणीतरी त्याची सेटिंग वाढवतो, आणि बेल्ट तुटण्यातून सुटलेला दोष मोटर जळण्यावर येतो. अशा ठिकाणी मूळ पुली परत बसवणे हाच उपाय आहे.

इथे थांबावे

बेअरिंग बदलणे, शाफ्टवरची झिजलेली खाच, वाकलेला शाफ्ट, तडा गेलेले इंपेलरचे पाते किंवा साफसफाईनंतरही न थांबणारा थरकाप, यांपैकी काहीही आढळले तर फॅन बंद ठेवून फॅनच्या कंपनीच्या किंवा अनुभवी यांत्रिक सेवा देणाऱ्याच्या माणसाला बोलवावे. तडा गेलेले पाते असलेला फॅन ‘तो येईपर्यंत’ म्हणूनही चालवू नये. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, फेजमध्ये असमतोल आहे, स्टार्टर तापतो किंवा ओव्हरलोड रिले पुन्हा पुन्हा पडतो, अशा वेळी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे जावे. बेल्ट, पुल्या, रेषा आणि ताण सर्व बरोबर असूनही तीन महिन्यांत बेल्ट पुन्हा गेला, तर चुकीच्या क्षमतेचा फॅन निवडलेला असण्याची शक्यता आहे आणि तिथे हवेचे प्रमाण व दाब मोजू शकणाऱ्या वायुवीजन अभियंत्याची गरज आहे. त्याला मोटरच्या व फॅनच्या पाटीची छायाचित्रे, तिन्ही फेजचे आकडे, दोन्ही पुल्यांचे व्यास आणि बेल्टचा क्रमांक आधीच पाठवला तर त्याची एक फेरी वाचते.

तळघरातील किंवा जिन्यातील धूर बाहेर काढण्याच्या व्यवस्थेशी जोडलेला फॅन असेल, तर यांतले काहीच स्वतः करू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र सादर करायचे असते. त्या फॅनचा साधा बेल्ट बदलायचा असला तरी त्या अभिकरणाला कळवूनच बदलावा, आणि फायर पॅनेलवरून फॅन प्रत्यक्ष सुरू करून पाहिल्याखेरीज काम पूर्ण झाल्याची सही करू नये.